वाघजाईच्या कोंडातला तापस

कोंडाचं पाणी यंदा पहिल्यांदाच यंत्राने चाखलं आणि त्याच आठवड्यात माझं नि माझ्या सख्ख्या भावाचं बोलणं बंद झालं. यंत्राचा दोष नाही. ते बिचारं खरं तेच बोललं. खरं बोलणाऱ्याची घरात काय पत असते ते मला चांगलं माहीत आहे.

कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. उन्हाळ्यात आमच्या उंबरखोंडची नदी नुसती दगडगोट्यांची होते, पण वाघजाईच्या देवळाखालचा कोंड आटत नाही. त्यात खडस आहेत, मोठमोठ्या खवल्यांचे, तांबूस परांचे. पुस्तकात त्यांना महसीर म्हणतात. ते वाघजाई आईचे मासे, त्यांना कोणी धरत नाही. म्हणून खालच्या नदीतला खडस कधीच संपला तरी कोंडातला टिकला. मी तन्वी शिगवण, याच गावची, आणि खाली धरणाच्या पायथ्याशी असलेल्या मत्स्यबीज केंद्राची प्रमुख. लग्न केलं नाही, मासे केले, असं माझी वहिनी म्हणते.

त्या यंत्राचं आधी सांगते. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव काही ना काही सांडत असतो. माशाच्या अंगाचा बुळबुळीत थर, सुटलेला खवला, विष्ठा. त्यात त्याच्या पेशी असतात आणि पेशीत त्याची अख्खी कुंडली, म्हणजे डीएनए. आमचं यंत्र थोडं थोडं पाणी ओढतं, गाळतं आणि त्यात कोणाकोणाचा डीएनए आहे ते वाचतं. मासा धरायला नको, बघायलासुद्धा नको. गावात त्याला चाखणी म्हणायला लागले आणि आता सरकारी कागदातही तेच नाव आलंय.

चाखणीने सांगितलं, कोंडात तापस आहे. एक मोठा नर, आणि काही मिश्र पिल्लं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तापस आमचाच, केंद्रात तयार केलेला. माशाच्या शरीरात उष्णतेपासून राखण करणारी काही प्रथिनं असतात. पाणी तापलं की ती कामाला लागतात, गार झालं की थांबतात. तापसमध्ये त्यांची कळ कायमची चालू करून ठेवलीय. ज्या पाण्यात रानातला खडस उलटा होऊन तरंगतो, त्यात तापस मजेत फिरतो. धरणं, तळी, खाणींचे खड्डे, सगळीकडे आम्ही तो सोडला. लोकांच्या ताटात पुन्हा मासा आला. पण एक गोष्ट हातची गेली. राखण कायम चालू असल्यामुळे बाहेरचं पाणी गार झालंय हे तापसच्या अंगाला कळतच नाही.

आणि रानातल्या खडसाचा सगळा संसार त्या कळण्यावर चालतो. डोंगरातून गार, गढूळ लोंढा आला की कोंडातले खडस अंग झाडून उठतात आणि प्रवाहाच्या उलटे वर चढतात, थेट घाटाखालच्या स्वच्छ खडीत अंडी घालायला. तापस चढत नाही. शिवाय तो उन्हाळाभर माजावर असतो. निघायच्या आधीच माद्यांना ढुसण्या देऊन तो त्यांना कोंडातच अंडी टाकायला लावतो. कोंडाच्या तळाला गाळ, त्यात बहुतेक अंडी गुदमरतात. जी थोडी जगतात ती बापावर जातात, तीही चढत नाहीत. असं काही पिढ्या चाललं की कोंडात मासे दिसतील, पण नदीत एकही जन्माला येणार नाही. दरवर्षी आमच्या टाकीतून आणून ओतायचे. मग तो कोंड कसला, हॉटेलातला काचेचा हौद झाला.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "शिगवण मॅडम, पाणी असंच तापत राहिलं तर तुमचे रानातले खडस किती दिवस काढणार? होऊ दे की मिसळ. निदान काहीतरी पोहत राहील."

मी तोंडाला येईल ते बोलले. पण माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. दर वैशाखात देवळाचे गुरवकाका उन्हाने मेलेले दोन-चार खडस नव्या कापडात गुंडाळून काठावर पुरतात. मला एवढंच वाटत होतं की जे उरतील त्यांच्या अंगात वर चढायची ओढ तरी शाबूत राहावी. हे शास्त्र नव्हे, हट्ट आहे, हे मलाही कळतं.

तशीच उठून देवळात गेले. दत्ताराम गुरव सभामंडपात फुलं निवडत बसले होते.

"काका, कोंडात बाहेरचा मासा कोणी सोडला?"

"बाहेरचा कशाला कोण सोडील? सोडतात ते नवसाचे."

ही आमच्याकडची रीत. जिवावरचं दुखणं आलं की आईला बोलतात, बरं वाटू दे, तुझ्या कोंडात मासा सोडीन. मासा याच नदीचा लागतो. पूर्वी खालच्या अंगाला धरायचे आणि ओल्या हंडीतून अनवाणी वर आणायचे. त्याच्या पराला चांदीचं बारीक कडं अडकवून सोडायचे. मग तो मासा त्या माणसाच्या नावाचा. पुन्हा कोंडाबाहेर काढायचा नाही, काढला तर नवस मोडला.

"आता खालच्या नदीत मासा कुठे राहिलाय?" काका म्हणाले. "तुझ्या दादान् मला विचारलान. मी बोललो, केंद्रातला आण. केंद्र कुठल्या नदीचं पाणी घेतं? याच ना? मग मासा याच नदीचा झाला की."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. अंड्यापासून तो मासा याच नदीच्या पाण्यात वाढला होता. आणि दादाने सोडलेला म्हणजे कोणाच्या नावाचा, ते विचारायची मला गरज नव्हती.

माझी भाची मृण्मयी, आमची मनू, पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. मी तेव्हा नोकरीनिमित्त विदर्भात होते. मुंबईला उपचार झाले, जड औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले, पोर काटकी झाली आणि वाचली. दादाने नवस फेडला हे मला फोनवर कळलं होतं. मासा कुठून आणला ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मनू आता सतराची आहे. तिने पाण्यावर बोटांनी टकटक केलं की तो कडंवाला बुवा तळातून वर येतो आणि तिच्या हातातला भात खातो. अख्ख्या कोंडात त्याच्याएवढा दांडगा मासा नाही. आता कळलं, का नाही ते.

दुपारबंदी उठल्यावर मी दादाकडे गेले. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडायला आता सरकारी मनाई असते, त्यामुळे गावाचा खरा दिवस पाचनंतर सुरू होतो. दादा, म्हणजे प्रथमेश, सोलर पंप दुरुस्त करतो. ओट्यावर एक उघडा पंप मांडून बसला होता.

"दादा, मनूचा मासा कोंडातून काढावा लागेल."

त्याने मान वर केली नाही. "सरबत घे. वहिनीने आत्ताच केलंय."

"मी काय म्हणाले ऐकलंस का?"

"ऐकलं. म्हणूनच सरबत घे म्हटलं. ऊन लागलंय तुला."

मी सगळं समजावून सांगितलं. चाखणी, पिल्लं, गाळातली अंडी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दादा अडाणी नाही, माझ्यापेक्षा गणितात हुशार होता.

"तुझं सगळं बरोबर असेल, तने," तो म्हणाला. "पण माझी पोर त्या माशाच्या जिवावर उभी आहे."

"तुझी पोर औषधांच्या जिवावर उभी आहे!"

"औषधं शेजारच्या खाटेवरच्या पोरालाही तीच होती."

तो पोरगा मला माहीत होता. मनूच्या जुन्या फोटोत तो आहे, तिच्याच टोपीसारखी टोपी घालून.

"आणि ऐक," दादा उठत म्हणाला, "तुझा हुद्दा तुझ्या केंद्रात. पोलीस आणायचे तर आण. आधी मला उचलून न्यावं लागेल त्यांना." पाना आपटून तो निघून गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

रेश्मा वहिनीने मला आत बोलावलं. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभ्या उभ्याच, पदराने डोळे पुसत बोलायला लागली.

"त्यांच्यावर रागावू नका, ताई. गेल्या महिन्यात मनूला पुण्याला दाखवलं. सतरा पूर्ण झाली तरी पाळी नाही ना. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच्या औषधांनी आतलं सगळं करपून गेलंय. तिला मूल होणार नाही. कधीच."

मी वहिनीचा हात धरला.

"तेव्हापासून हे तिच्याशी नीट बोलत नाहीत. तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ कोंडावर जाऊन बसतात, मासा दिसला की घरी येतात. मनूला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं, ताई? काय म्हणून सांगायचं?"

घरी येऊन मी रडले. मनूसाठी रडले, दादासाठी रडले, आणि मेल्या त्या माशाचं काय करायचं म्हणूनही रडले. कायद्याने मला तो उचलता आला असता. पण दादाच्या हाती आता तेवढंच उरलं होतं, ते मी हिसकावून घेणार होते का? आणि नाही घेतलं, तर लोंढा येण्याच्या आत तो नर पुन्हा माद्यांच्या मागे लागणार होता. यंदा चढणाऱ्या माद्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

मग सुचलं. मासा कोंडातच राहील, पण बाप होणार नाही. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात ठेवला की मासा गुंगतो. पोटाला बारीक छेद देऊन आतल्या वृषणाच्या दोन पट्ट्या काढायच्या आणि टाका घालायचा. केंद्रात आम्ही हे करतो. एवढ्या उन्हाळ्यात दगावायची भीती असते, पण तापस चिवट. काठावरच, कोंडाच्याच पाण्यात केलं तर मासा कोंडाबाहेरही जात नाही. नवस शाबूत, खडस शाबूत. मला वाटलं, काय डोकं चाललं माझं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गेले. दादा नेहमीप्रमाणे पायरीवर बसला होता. मी त्याच्याशी न बोलता काकांना सगळं सांगितलं, त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

काकांनी हनुवटी खाजवली. "बाहेर काढत नाहीस हे बरं. पण बाय माझे, आईला वाहिलेलं अव्यंग लागतं. आपण नारळ घेतो तो पण हलवून, निरखून घेतो. त्याच्यातलं काही काढून घेतलंस तर तो उणा झाला. उण्या माशावर नवस कसा टिकंल?"

"जिवंत राहतोय ना, काका?"

"जिवंत राहून काय?" दादा पायरीवरून बोलला. मला नाही, काकांना. "ज्याचा वंश पुढे जायचा नाही, तो मासा आईला कसा चालेल? नको. आहे तसाच राहू दे."

"पप्पा."

मनू देवळाच्या मागच्या बाजूने आली होती. हातात भाताचा डबा. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. दादाचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग मी चालेन का आईला?" मनूने विचारलं.

काका तिच्याकडे बघत राहिले, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"मला माहितीय, पप्पा. मीच फोन करून विचारलं डॉक्टरांना. सतराची आहे मी. माझ्या अंगाचं मलाच सांगतात ते." आवाज चढला नव्हता तिचा. "तुम्ही नि मम्मी दाराआड कुजबुजता, मी आले की टीव्ही लावता. मी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल."

"मनू, बाळा, मी तुझ्याबद्दल नाही..."

"माशाबद्दलच बोललात. कळलं मला."

दादा उठला, तिच्याकडे जायला निघाला, आणि गेलाच नाही. तसाच पायऱ्या चढून रस्त्याला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भावाला चांगली एक ठेवून द्यावीशी वाटली.

काकांनी फुलांची परडी पुढे ओढली. "आईला कौल लावू या, पोरी. उजवी कळी पडली तर..."

"नको, काका," मनू म्हणाली. "मला औषधं दिली तेव्हा कोणी कौल लावला होता का? दिली म्हणून वाचले ना मी?" मग माझ्याकडे वळली. "आत्या, त्याला दुखेल?"

"कापताना नाही. नंतर थोडं दुखेल."

"आणि नाही केलं तर बाकीच्यांची पिल्लं जाणार?"

"हो गं."

ती खाली बसली आणि मग रडली. मी शेजारी बसले, काकाही बसले. काका म्हणाले, "मासा तुझ्या नावाचा. तू सांगशील तसं करू. आईला मी सांगतो काय सांगायचं ते."

दोन दिवसांनी सकाळी, उन्हं चढायच्या आत, आम्ही काठावर कोंडाच्या पाण्याने हौद भरला. मनूने पाण्यावर टकटक केलं. तो आला. इतक्या विश्वासाने आला की मला जाळं टाकवेना, तिनेच पोटाखाली दोन्ही हात घालून त्याला हौदात घेतलं. लवंगेचा वास सुटला. कल्ल्यांची उघडझाप मंदावली. मी छेद दिला. आयुष्यभर मी मासे वाढवायचं काम केलं, त्यातला एक असा हातात घेऊन त्याचं पुढचं सगळं काढून टाकत होते. त्याने काय गुन्हा केला होता? आम्ही बनवला तसा तो बनला, दादाने सोडला तिथे तो राहिला.

मनूने एकदाही नजर वळवली नाही. कल्ल्यांवर ओंजळीने पाणी सोडत राहिली. टाका घालून झाल्यावर म्हणाली, "मला मुंबईला झोपवलं होतं ना, तेव्हा मम्मी अशीच बसली होती म्हणे."

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर एक हिसका देऊन खोल पाण्यात गेला आणि बरेच दिवस कोणाच्या टकटकीला आला नाही. मिश्र पिल्लं आम्ही बारीक जाळ्याने वेचून केंद्रात नेली. त्यांना मारायचं की टाकीत ठेवायचं, यावर वरून अजून पत्र आलेलं नाही. मी ठेवलीत. त्यांना रोज खाणं घालते आणि रोज मनाशी म्हणते, उद्या ठरवू.

दादा त्या दिवशी आला नाही. नंतरही कोंडावर फिरकला नाही. वहिनी म्हणायची, घरात जेवतात, कामाला जातात, बोलत नाहीत. मनू त्याच्यासमोर ताट ठेवायची, तो खाली मान घालून जेवायचा. एका घरात दोघं एकमेकांना चुकवत होते.

मग एका पहाटे घाटावर धो धो कोसळलं आणि सकाळी लोंढा आला. नदीच्या वरच्या अंगाला बसवलेल्या चाखणीवर खडसांच्या रेषा उमटायला लागल्या तशी मी गाडी काढून कोंडावर गेले. मनू आधीच छत्री घेऊन पायरीवर उभी होती. गढूळ पाण्यात तांबूस पर दिसत होते, एक, मग दुसरा, मग तीन-चार एकदम. दगडावरून उड्या मारत, आपटत, मागे पडत, पुन्हा उडी घेत ते वर निघाले होते. बऱ्याच वर्षांनी एवढे चढताना मी पाहत होते. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुढच्या उन्हाळ्यात यातले किती उरतील ते मला सांगता आलं नसतं.

पाणी थोडं निवळल्यावर कोंडाच्या कडेला तो दिसला. सगळा कोंड रिकामा आणि तो एकटा, संथपणे गोल फिरत.

"त्याला कळलंच नाही का गं गार पाणी आलेलं?" मनूने विचारलं.

"नाही. त्याला नाही कळत."

मागून पावलं वाजली. दादा होता. रेनकोट नाही, काही नाही, निथळत उभा. किती वेळ उभा होता, कोण जाणे. खाली येऊन मनूच्या शेजारी, एक पायरी सोडून, बसला.

"मनू," तो म्हणाला, "तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी इथे येऊन आईला काय म्हटलं होतं, सांगू?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"एवढंच म्हटलं होतं, माझी पोर जगव. शिकव म्हटलं नव्हतं, लग्न होऊ दे म्हटलं नव्हतं. नातवंडं तर डोक्यातसुद्धा नव्हती. जगव म्हटलं, आणि आईने जगवलंन. मागितलं तेवढं सगळं दिलंन." त्याचा आवाज फाटला. "मग मी कशाला तोंड फिरवून बसलो?"

"का बसलात?" मनू म्हणाली. "किती दिवस बोलला नाहीत माझ्याशी."

"लाज वाटत होती."

"माझी?"

"नाही गं बाई, नाही. माझीच. तुझ्या हातापायांना नळ्या लावल्या तेव्हा सही मी केली होती. तिथे लिहिलं होतं हे असं होऊ शकतं म्हणून. मी वाचलं होतं, मनू. वाचून सही केली. आता कुठल्या तोंडाने सांगू तुला?"

मनूने छत्री बाजूला ठेवली. पाऊस पडतच होता. ती एक पायरी सरकून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "नसती केलीत तर आज कोणाशी अबोला धरला असतात?"

दादा हसायला गेला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. मी पाठ फिरवून लोंढ्याकडे बघत उभी राहिले. वर अजून खडस चढत होते.